वाळवंट, व्हाया मुरबाड

मे महिना लागला की आमच्या मुरबाड-शहापूर पट्ट्यात दोन वेळापत्रकांची चर्चा असते. एक टँकरचं. दुसरं, ज्यांना टँकर लागत नाही त्यांच्या सहलीचं. यंदा दुसऱ्या गटात आमचे मेहुणे आहेत.

मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. कल्याणला फ्लॅट, मुरबाड रोडला प्लॉट आणि अमेरिकेत फिनिक्सजवळच्या चांडलर गावात मुलगा. मुलगा चिप्सच्या कारखान्यात आहे. सासूबाईंना हे अजून नीट उमगलेलं नाही. एवढं इंजिनिअरिंग करून शेवटी वेफर्सच करायचे तर डोंबिवलीत काय वाईट होतं, असं त्या अधूनमधून विचारतात.

तर मेहुण्यांना वाळवंटातली शहरं आणि कॅन्यन बघायचे आहेत, तेही गाडीने. लास व्हेगस, झायन, ब्राइस, पेज, मोन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यन, सेडोना, फिनिक्स असा बेत आहे. रोज रात्री दहाला रंगीत रकान्यांचा तक्ता कुटुंबाच्या ग्रुपवर पडतो आणि बारापर्यंत त्याचा पंचनामा चालतो. तिकडच्या रस्त्यांवर शंभर-शंभर किलोमीटर चहाची टपरी लागत नाही, हे कळल्यावर एक रात्र सुतकात गेली. मोटेलच्या खोलीत खिचडीला फोडणी दिली की छतावरचा धुराचा भोंगा बोंबलतो, ही बातमी त्याहून वाईट. भोंग्याला शॉवर कॅप बांधावी की ओला टॉवेल, यावर मेहुणे आणि आमचे साडू यांची जुंपली. शेवटी थेपले आणि मेतकूट-भात यावर तह झाला. दऱ्या बघायला निघालेल्या मंडळींच्या तक्त्यात दऱ्यांना चार रकाने आणि खाण्याला अकरा.

घड्याळाची भानगड मात्र खरी आहे. उन्हाळ्यात बहुतेक अमेरिका घड्याळ तासभर पुढे ढकलते. ॲरिझोना ढकलत नाही. ॲरिझोनाच्या पोटात नवाहो लोकांचा मुलूख आहे, तो ढकलतो. नवाहोंच्या मुलखाच्या पोटात होपी लोकांचा मुलूख आहे, तो पुन्हा ढकलत नाही. पेजजवळचा अँटेलोप कॅन्यन आहे नवाहोंच्या हद्दीत, तिथे नवाहो वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत आणि आत जायची वेळ ठरवून घ्यावी लागते. ती वेळ कुणाच्या घड्याळाची? मेहुणे हवालदिल झाले. मी म्हटलं, मुक्कामी एसटीची वाट बघत वाढलेली माणसं आपण. तासाभराचं काय घेऊन बसलात!

उन्हाचा विचार कुणी केलाच नव्हता. तो मुलाने करून दिला. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. बाबा, ऑक्टोबरात या, असं तो म्हणाला. पण फिरायचं ते मे महिन्यातच, हा मराठी घराचा कुलाचार आहे. मुलं शाळेत असोत, नोकरीत असोत किंवा चांडलरला असोत.

अशात कुणीतरी ग्रुपवर टाकलं की ग्रँड कॅन्यनमध्ये शंकराचं देऊळ आहे. झालं! सासूबाईंनी तिथे बेल मिळेल का, याची चौकशी सुरू केली. देऊळ आहे हे खरं, पण नकाशात. क्लॅरेन्स डटन नावाचा अमेरिकन भूवैज्ञानिक १८८० च्या सुमारास तिथे मोजणी करत होता. दरीतले सुळके बघून त्याला पूर्वेकडची देवळं आठवली. एकाला त्याने विष्णू टेंपल म्हटलं, दुसऱ्याला शिवा टेंपल. मग पुढच्यांनी हात सैल सोडला. ब्रह्मा आले, मनू आले, बुद्ध आले, झरतुष्ट्र आले. राम आणि कृष्ण यांच्याही नावाचे डोंगर आहेत. अगदी तळाला जो सुमारे १७० कोटी वर्षांचा खडक आहे, त्याचं शास्त्रीय नाव ‘विष्णू शिस्ट’. आता एवढे देव, पण पुजारी नाही, दानपेटी नाही, व्हीआयपी दर्शनाची वेगळी रांग नाही. सासूबाईंनी निकाल दिला, जिथे प्रसाद नाही ते कसलं देवस्थान.

आमच्याकडे हे बारसं डटनच्या कितीतरी आधी उरकलं. मुरबाडहून पूर्वेला बघा. मच्छिंद्रगड आणि गोरखगड, गुरू-चेले शेजारी शेजारी सुळके होऊन उभे. जरा दक्षिणेला सिद्धगड, सव्वातीन हजार फुटांच्या आसपास. खडक मात्र विष्णूच्या मानाने पोरसवदा, साडेसहा कोटी वर्षांचा. लाव्हाचे थर एकावर एक साचले, मग पाण्याने कातले. ग्रँड कॅन्यन कोलोराडो नदीने कातला, हे आमचे कडे पावसाने. कारागीर एकच.

म्हणून मी ग्रुपवर एक ओळ टाकली, ‘कॅन्यनच बघायचा तर आधी सांधण बघा.’

मेहुण्यांचं उत्तर आलं, ‘ते लोकल झालं.’

लोकलच आहे. साम्रद गावच्या पठारात अचानक जमीन फाटते आणि सांधण दरी सुरू होते. दोन्ही बाजूंना दोनशे फुटांच्या आसपास भिंती, काही ठिकाणी जेमतेम दोन माणसं शेजारी चालतील एवढी फट. ऊन तळाला पोचतं ते भर दुपारी, तेही पाहुण्यासारखं. आधी थंडगार पाण्याचं कुंड, मग प्रचंड धोंडे, मग दोर लावून उतरायचे टप्पे, आणि शेवटी करोली घाटाच्या पायथ्याला, आमच्या शहापूर तालुक्यातल्या डेहण्याकडे बाहेर. दरीचं तोंड अहिल्यानगर जिल्ह्यात आणि पाय ठाण्यात. डेहण्याहून वर मान केली की तो कडा समोर दिसतो. तिथे मोटारीने जायचं तर शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, घोटी, भंडारदरा, साम्रद. समोरच्या कड्यावर जायला तीन जिल्हे! मेहुण्यांना लांबचा प्रवासच हवा असेल तर तोही आहे.

साम्रदच्या शेजारी घाटघर. तिथे सरकारचा २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपाने सुमारे चारशे मीटर वरच्या तलावात चढवायचं, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज काढायची. ते खालचं धरण शहापूर तालुक्यात, चोंढे गावाजवळ. म्हणजे आमच्या तालुक्यातलं पाणी सह्याद्री चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. डोंगरपाड्यावरची बाई डोक्यावर हंडे घेऊन तेच करते, फक्त तिच्या खेपा कुणी मेगावॅटमध्ये मोजत नाही.

आता वाळवंटाकडे वळू. लास व्हेगसला वर्षाला पाऊस पडतो सुमारे १०० मिलिमीटर. शहापूर-मुरबाडला अडीच हजारांच्या घरात. पंचवीसपट. तरीही मे महिन्यात टँकर येतो तो शहापुरात, व्हेगसमध्ये नाही. भूगोलाच्या पुस्तकात वाळवंटाची व्याख्या पावसावरून करतात. ती आमच्या तालुक्याला लागू पडत नाही, म्हणून आम्हाला वाळवंटाचा दर्जा मिळत नाही आणि पर्यटकही मिळत नाहीत.

व्हेगसची युक्ती सोपी आहे. कोलोराडो नदीवर १९३० च्या दशकात हूवर धरण बांधलं, मागे लेक मीड तुंबला, शहराचं जवळजवळ नव्वद टक्के पाणी तिथून येतं. मुंबईचीही युक्ती तीच, आणि जास्त जुनी. शहापुरातलं तानसा धरण १८९२ सालचं. त्यात पुढे मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा यांची भर पडली. मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा. आटगाव-खर्डीच्या बाजूला गेलात तर माणूस आत उभा राहील एवढ्या व्यासाच्या जलवाहिन्या दिसतील. त्या वाहिनीच्या कडेकडेने रिकामे हंडे घेऊन चालणाऱ्या बायकांचा फोटो दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात येतो. फोटोग्राफर बदलतात, हंडे तेच. इगतपुरीच्या भावली धरणातून शहापूरला पाणी आणायची योजना आम्ही वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. कल्याण-मुरबाड रेल्वेही ऐकत आलो आहोत. आमच्याकडे माणसांचे कान फार तयार झालेत.

पण व्हेगसच्या लोकांना नुसतं उधळे म्हणून सोडता येत नाही. घराघरांतल्या मोऱ्यांचं पाणी शुद्ध करून ते पुन्हा लेक मीडमध्ये सोडतात. २०२१ साली नेवाडा राज्याने कायदा केला की लास व्हेगस परिसरात ज्या हिरवळीवर कुणी चालत नाही, खेळत नाही, जी नुसती शोभेला आहे, तिला २०२७ पासून कोलोराडोचं पाणी द्यायचं नाही. जुगाराच्या गावाने गवतावर बंदी घातली!

आमच्याकडे काय चाललंय? मुरबाड रोडला दोन्ही बाजूंना कमानी उभ्या आहेत. निसर्गाच्या कुशीत, सह्याद्रीच्या सान्निध्यात, फक्त काही मिनिटांवर वगैरे. कमानीच्या आत प्लॉट, प्लॉटवर बंगली, बंगलीपुढे लॉन, लॉनच्या मधोमध निळा तलाव. बोअर तीनशे फूट गेली, लागलं नाही, चारशे फूट नेली. शनिवारी रात्री रेन डान्स. पाऊस पडतो त्या चार महिन्यांत या मंडळींना भिजायला नको असतं. पाऊस नसतो तेव्हा नळाला भोकं पाडून पाऊस पाडतात आणि खाली नाचतात. भिंतीपलीकडे ठाकरवाडीतल्या विहिरीच्या तळाला बाई वाटीने पाणी भरत असते. आमच्या मेहुण्यांचाही तिथेच प्लॉट आहे, हे मी वर सांगितलंच. लॉन ते स्वतः लावतात. फार प्रेमाने लावतात.

अमेरिकेतली आणखी एक गोष्ट मेहुण्यांच्या तक्त्यात नाही. नवाहो मुलूख, जिथे ते अँटेलोपचे फोटो काढणार आहेत, तिथली सुमारे एक तृतीयांश घरं नळाशिवाय आहेत. लोक पिंप गाडीत घालून मैलोन्‌मैल जातात आणि पाणी भरून आणतात. कोलोराडो नदी त्यांच्या मुलखाच्या कडेने वाहते. आपल्यासाठी नदीचं पाणी मिळवून देणं हे सरकारचं करारातलं कर्तव्य आहे, असं म्हणत ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जून २०२३ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, तसं कर्तव्य करारात नाही. दरी त्यांची, नदी शेजारून जाते, कारंजी व्हेगसमध्ये. एखाद्या नवाहो आजीला शहापुरात आणून उभं केलं तर तिला दुभाषा लागणार नाही.

ग्रँड कॅन्यनच्या पश्चिम टोकाला वालापाई जमातीची हद्द आहे. त्यांनी २००७ मध्ये कड्याच्या बाहेर सुमारे सत्तर फूट झेपावणारा काचेचा पूल बांधला. ज्याला पायाखाली दरी बघायची त्याने पैसे मोजायचे, आणि उत्पन्न जमातीकडे. यावरून स्फूर्ती घेतली की काय कोण जाणे, आपल्या सरकारनेही माळशेज घाटात काचेच्या पुलाची घोषणा केली. घोषणा अगदी पारदर्शक आहे. आरपार बघितलं तर पलीकडे काही दिसत नाही. पूल झालाच तर एक विचारतो, त्याची तिकीटखिडकी कुणाच्या हातात असेल? वालापाईंसारखी घाटातल्या वाडीच्या, की कमानवाल्यांच्या?

मेहुणे म्हणाले, तुम्ही प्रत्येक सहलीत राजकारण आणता. बरं, नाही आणत. सरळ सहलच आखून देतो. कल्याणहून राष्ट्रीय महामार्ग ६१ धरा. मुरबाडला नाश्ता. मग महामार्ग सोडून नारिवलीकडे वळा आणि गाडी उभी करा, कारण पुढे सिद्धगडाच्या माचीवर पायवाटच जाते. रोड ट्रिपमधला रोड इथे संपतो. माचीवर सिद्धगडवाडी आहे. तिथली माणसं आजारी पडली की डोलीतून खाली येतात. तुम्हाला जो ट्रेक, तो त्यांचा दवाखान्याचा रस्ता.

पायथ्याच्या जंगलात हुतात्मा स्मारक आहे, तिथे थांबा. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे इंग्रजांच्या पोलिसांनी आझाद दस्त्याला इथे घेरलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. माथेरानचे कोतवाल वकील होते, आणि त्यांच्या दस्त्याने या डोंगरपट्ट्यातून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले होते. मुंबईच्या गिरण्या आणि इंग्रजांची युद्धसामग्री त्या विजेवर चालायची. दर वर्षी २ जानेवारीला इथे अभिवादन होतं, पुढारी येतात, भाषणं होतात. विजेच्या तारा आता कुणी तोडत नाही आणि पाण्याच्या वाहिन्याही तोडायला नकोत. मुंबईलाही तहान आहे. वाटेतल्या गावांना तोटी द्या, एवढं एका भाषणात आलं तरी चालेल.

परत महामार्गाला लागून माळशेज चढून आळेफाटा ओलांडला की आणे घाटाच्या अलीकडे गुळुंचवाडी लागते. ओढ्याने खडक खालून कोरून तिथे दगडी पूल तयार केलाय. युटाहमध्ये अशा कमानी बघायला राष्ट्रीय उद्यान आहे, तिकीट आहे, टोप्या विकायला दुकान आहे. आपल्या कमानीवरून लोक ये-जा करतात. तिथून निघोज. कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी हजारो वर्षं खडक घासून केले. आमच्या रस्त्यावरचे एका पावसाळ्यात तयार होतात. वेगाच्या बाबतीत आम्ही निसर्गाला मागे टाकलंय.

हा सगळा कार्यक्रम मी ग्रुपवर टाकला. व्हिसा नको, घड्याळाचा घोळ नको, भोंगा नाही, चहा दर पाच किलोमीटरला. दरी आहे, कमान आहे, सुळक्यांना देवाची नावं आहेत, आणि वाळवंट तर घरपोच. साडूंनी अंगठा दाखवला. सासूबाईंनी विचारलं, निघोजला मळगंगेचं देऊळ आहे ना, मग प्रसाद असेल. मेहुण्यांनी काहीच म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सुधारित तक्ता आला. त्यात व्हेगसचा एक दिवस वाढला होता. कारंज्यांसाठी.

जाऊ द्या त्यांना. ज्यांना व्हिसा मिळत नाही किंवा परवडत नाही, त्यांना मात्र एवढंच सांगतो. एकदा मेघ गर्जू लागले की सांधणमध्ये उतरू नका. १२ ऑगस्ट १९९७ ला अँटेलोपमध्ये अकरा पर्यटक वाहून गेले. मुसळधार पाऊस कोसळला होता तो लांब, दरीच्या वरच्या अंगाला. वाटाड्या गावातला घ्या आणि त्याच्या पैशांत घासाघीस करू नका. पाड्यावर पिठलं-भाकरी मिळेल, पण हात धुवायला बादलीभर पाणी मागू नका. मे महिन्यात येणार असाल तर पाण्याचे जार गाडीत घालून आणा, आणि निघताना भरलेले उरले असतील ते घरी परत नेऊ नका.